फुलवंताचा धान

१८ ऑक्टोबर २०२४

आज एका बाईनं माझी पदवी धुऱ्यावर काढून ठेवली. चपलांच्या शेजारी!

कृषी सहायक म्हणून केशोरीत येऊन मला दोनच महिने झाले. कार्यालयानं यादी मागवली आहे — जुने, घरचे धान अजून कोण पेरतं, कोणाकडे बियाणं आहे. असा वाण सापडला तर सरकार त्याची तपासणी करतं, खरा निघाला तर त्या शेतकऱ्याच्या नावानं नोंद करतं, आणि शेतकऱ्याला एक पैसा लागत नाही. साहेब म्हणाले, "रुचि, काही मिळणार नाही, पण एक चक्कर मारून ये." मीही तशीच गेले. खोटं कशाला लिहू, चार घरी चहा प्यायचा आणि रकान्यात 'निरंक' लिहायचं, एवढाच बेत होता.

तर नंदाबाई. वय एकसष्ट, माहेर आणि सासर दोन्ही केशोरीच. मुलगा नागपूरला कामाला, घरात ती आणि सून नूतन. बाकीच्या शेतात दुकानातलंच बियाणं. पण घरामागच्या एका लहान बांधीत, म्हणजे भातखाचरात, तिच्या आईचा धान — नाव नाही, फक्त 'मायचा धान'. लोंब्या नुकत्या बाहेर पडलेल्या, वासानं, इथं ज्याला धुरा म्हणतात त्या बांधावरच पाय थांबला.

ती आत उभी राहून एकेक झाड उपटत होती. मी म्हटलं, चांगली झाडं का उपटता? तिनं उपटलेलं झाड माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. शेजारच्या झाडासारखंच झाड!

"बुड पाहा ना," ती म्हणाली. "ते सवत हाय. आपल्यासारखीच दिसते अन् घर बुडवते."

बुडाशी हिरवं होतं. तिच्या बाकीच्या साऱ्या झाडांना बुडाशी जांभळी छटा. आम्हाला हे दोन तास फळ्यावर शिकवलं होतं — भेसळ ओळखणे, प्रकरण सहा. मी म्हटलं मीही काढते. चपला काढून उतरले. अर्ध्या तासात सात झाडं काढली. त्यातली चार तिची निघाली! म्हणजे सवत समजून मी घरच्याच लेकी उपटल्या. तिनं चारही झाडं उचलली आणि चिखलात परत रोवली, लोंबी आलेली असताना! जगणार नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ ऑक्टोबर

यादीत 'निरंक' लिहिलेलं खोडलं.

१७ नोव्हेंबर

रविवार. सुट्टी असून गेले. कोणी बोलावलं नव्हतं.

कापणीच्या आदल्या दिवशी नंदाबाई बीज निवडते. विळा नाही, हातानं. आंघोळ करून, काही न खाता. धुऱ्यालगतच्या चार ओळींना हात लावत नाही. का, विचारलं. "धुऱ्याकाठचं पोटाले, मधातलं बीजाले." शेजारच्या बांधीतला वाण कडेच्या ओळींत मिसळतो म्हणून बीजोत्पादनात कडा सोडतात, हे मी परीक्षेत लिहून दहापैकी आठ गुण मिळवले होते. ही बाई शाळेत गेलेली नाही.

दुपारपर्यंत एक टोपली लोंब्या. त्यातूनही घरी परत निवड. ज्या लोंबीच्या टोकाला बारीक कुसळ नाही ती बाजूला. मग बांबूच्या, शेणानं सारवलेल्या ढोलीत, कडुलिंबाचा पाला खाली-वर. नूतन म्हणाली, या घरात सुनेला आधी हे शिकवतात, मग चूल देतात. तिला सहा वर्षं झाली तरी अजून एकटीनं निवडायची परवानगी नाही. नूतन हसून सांगत होती, पण मला वाटतं तिला थोडा रागही आहे.

मग अर्ज काढला. वाणाचं नाव काय लिहू? आणि कोणाच्या नावानं नोंद करू? मी म्हटलं, तुमचंच नाव लागेल.

"माहं नाव नोको," ती म्हणाली. "मायचं लिहा. फुलवंता."

आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी नव्हतं. शिधापत्रिका नवऱ्याच्या नावानं. फोटो नाही. मतदार यादीत नाव चुकलेलं, तेही दुसऱ्याच बाईचं वाटावं असं. नंदाबाई म्हणे, तिनं जन्मभर हा धान सांभाळला, आणि ती होती असं सांगणारा एक कागद नाही. मी वाणाच्या नावाच्या जागी 'फुलवंता' लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून आधी मागच्या पानावर लिहून पाहिलं.

२ डिसेंबर

ग्रामपंचायतीचा शिक्का मिळाला. नमुना संशोधन केंद्राकडे पाठवला. नंदाबाईनं तो सुपात घेऊन दाणा दाणा पाहिला होता. एक तुटका दाणा नाही!

पाठवण्याआधी साहेबांना पिशवी दाखवली. त्यांनी मुठीत धान घेतला, वास घेतला, आणि म्हणाले, "नोकरीला बावीस वर्षं झाली, असं बीज पाहिलं नाही." बदली होण्याआधी स्वतः केशोरीला जाऊन त्या बाईला भेटणार म्हणाले. 'काही मिळणार नाही' म्हणाले म्हणून साहेबांवर माझा राग होता, तो आज गेला.

२७ जून २०२५

संशोधन केंद्रात पेरलं. फोन करून खात्री केली. त्यांना वाटलं असेल, ही कोण पाठीमागे लागली आहे!

९ ऑक्टोबर

केंद्रातल्या शास्त्रज्ञ बाईंचा फोन. स्वतःहून! म्हणाल्या, शेतकऱ्यांकडून येणाऱ्या नमुन्यांत चार-पाच प्रकारची झाडं उगवतातच, त्यात कोणाचा दोष नसतो. या वाफ्यात एकही वेगळं झाड नाही. कोणी सांभाळलं हे, कुठल्या संस्थेनं? मी म्हटलं, एका बाईनं, आणि तिच्या आधी तिच्या आईनं. त्यांनी नाव-गाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आमच्या बियाणे विभागातल्या मुलांना त्यांच्याकडे पाठवायला हवं.

संध्याकाळी जाऊन नंदाबाईला सांगितलं. तिनं विचारलं, मायचं नाव कधी येते? मी म्हटलं, आता आलंच समजा.

कशाला म्हटलं मी तसं!

११ डिसेंबर

पत्र आलं. नोंदणी होणार नाही.

'सदर नमुना हा याच केंद्राने त्रेपन्न वर्षांपूर्वी प्रसारित केलेल्या वाणाशी तंतोतंत जुळतो. सबब शेतकरी वाण म्हणून दावा ग्राह्य धरता येत नाही.'

म्हणजे हा धान सरकारचाच! दोन अक्षरं आणि एक आकडा, एवढंच त्याचं नाव. फुलवंता नाही. पुराव्याचे तीन कागद जोडलेत. मी ते पुन्हा पुन्हा वाचले, कुठे चूक सापडते का ते पाहायला. नाही सापडली. काम चोख केलंय त्यांनी, म्हणूनच जास्त राग येतोय. आणि राग काढू कोणावर? 'आलंच समजा' म्हणणारी मीच.

१३ डिसेंबर

दोन दिवस टाळलं. आज गेले.

ओसरीवर नंदाबाई, नूतन, आणि नंदाबाईचा मोठा भाऊ बकाराम. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नंदाबाई पत्राकडे पाहत राहिली. वाचता येत नाही, तरी पाहत राहिली.

"मंग माय खोटं बोलली का मले?"

आई काय म्हणाली होती, विचारलं. आई एवढंच म्हणायची — हा धान मी जगवला. 'माझ्या आजीचा' असं ती कधीच म्हणाली नव्हती! ते आम्ही धरून चाललो. अर्जात 'तीन पिढ्यांपासून' हे माझ्याच लेखणीतून उतरलं होतं.

तेवढ्यात बकाराम बोलले. इतका वेळ ते तंबाखू मळत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आवाज अगदी खाली गेलेला.

"खोटं नाई बोलली. बहात्तरच्या साली पानीच नाई आला. एक साहेब जीप घेऊन आला, घरोघरी पिशवी देलन. पेरा मनलन. पन लोकाईच्या घरात दाना नवता. साऱ्या गावानं शिजवून खाल्ला. मायनं नाई शिजवू देला."

मग हातातली तंबाखू टाकून, "मी मागतलो तं मारलन मले. लय मारलन. मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिली."

ते तेव्हा पंधरा वर्षांचे होते, नंदाबाई आठ-नऊची. तिला काही आठवत नाही. बकारामनी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. का, तर लाज वाटत होती. आईशी त्यानंतर वर्षभर नीट बोललो नाही, म्हणाले. पुढच्या साली त्या धानाचा पहिला भात झाला तेव्हा तिनं आधी त्यांनाच वाढला, तरी ते ताटावरून उठून गेले. नंदाबाई उठली आणि भावाजवळ जाऊन बसली. नूतन रडत होती. मीही.

येताना नंदाबाई म्हणाली, कागद नसला तर नसो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी हिला धीर द्यायला गेले होते!

१४ डिसेंबर

केंद्राला पत्र लिहिलं. कोणी मागितलं नव्हतं. बकारामनी सांगितलं ते सगळं, जीप, पिशवी, मार, सगळं. निर्णय बदला असं लिहिलं नाही, कारण निर्णय बरोबरच आहे. फक्त लिहिलं, तुमच्या माणसानं केशोरीत जेवढ्या पिशव्या वाटल्या, त्यातली एकच पेरली गेली, तेव्हा ती कोणाची होती एवढं तुमच्या दप्तरी असू द्या. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, असं पत्र सरकारी पद्धतीत बसत नाही. आणि सही केली.

६ जानेवारी २०२६

केंद्राचं उत्तर. आमच्या शीतगृहात या वाणाचे दाणे आहेत, ते उगवत नाहीत. तीनदा पेरून पाहिलं. मूळ बियाणं पुन्हा सुरू करण्यासाठी नंदाबाईंकडून पाच किलो मिळावं, ही विनंती. सोबत आवक नोंदीचा कागद. त्यात रकाना — 'जिवंत बियाण्याचा मूळ स्रोत'. तो त्यांनी टंकून, भरूनच पाठवला आहे: फुलवंताबाई, मु. केशोरी.

नंदाबाईनं तो रकाना नूतनला दोनदा वाचायला लावला. मग ढोलीतून लोंब्या काढल्या, नूतनपुढे ठेवल्या आणि म्हणाली, निवड.

ती स्वतः बाजूला बसून राहिली.