भरतीची तीन कार्डं

१० नोव्हेंबर, सोमवार
पालघरला ट्रेनिंग. खगोलशास्त्र आता लेक्चरने नाही, कार्डांनी शिकवायचं. तुलना करा, क्रम लावा. पोरं आपोआप विचार करतात म्हणे! बघू. समुद्राकाठच्या मुरबे गावातल्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा प्रमुख कोण, मी की दीपाली मॅडम, हे हेडमास्तर कमलाकांत सर याच महिन्यात ठरवणार. मीच. प्रश्नच नाही.

११ नोव्हेंबर
कार्डं तयार: पौर्णिमा, अष्टमी, अमावस्या. भरतीचं पाणी जास्त कधी चढतं, क्रम लावा. उत्तर हेच, याच क्रमाने. जेवढा चंद्र तेवढं पाणी. साधं लॉजिक. मी मासवणचा, समुद्राशी संबंध बोंबलापुरता. पण सायन्स ते सायन्स.

१२ नोव्हेंबर
घात! एकतीसच्या एकतीस पोरांचं एकच उत्तर: पौर्णिमा-अमावस्या बरोबरीत, अष्टमी शेवटी. एकतीस जण सारखे चुकतील? सरळ सरळ कॉपी. लाल पेनाने एकतीस शून्यं दिली. आमी नाय केली कॉपी, म्हणत उन्नती रडायलाच लागली. सराईत आहे कार्टी.

१४ नोव्हेंबर, दु. ३
एकेकाला लांब बसवून फेरपरीक्षा. तेच उत्तर. म्हणजे पेपर फुटलाय. दीपाली मॅडम स्टाफरूममध्ये माझ्याकडे बघून हसल्या. का हसल्या?

१७ नोव्हेंबर
कॉपीची लेखी तक्रार दिली. कमलाकांत सर म्हणाले, गुरुवारी अमावस्याच आहे, वर्गाला किनाऱ्यावर नेऊन दाखवा, मग प्रमुखाचं ठरवू. दाखवतोच.

२० नोव्हेंबर, स. ११
किनारा. अमावस्येला पाणी इथवर येत नाही हे दाखवायला स्कूटर मुद्दाम खाली ओल्या वाळूत लावली. उत्तरपत्रिका डिकीत. सर, गाडी वर घ्या, आवशेचं पानी लय चढतं, असा पोरांचा एकच घोशा. वर नेली की चाकातली हवा सोडणार. ओळखून आहे मी.

सायं. ६
स्कूटर सहा जणांनी दोर लावून पाण्यातून बाहेर ओढली. उन्नतीची आई मंजुळाबाई मासे सुकवते. तिने भिजलेल्या उत्तरपत्रिका बोंबलांच्या शेजारी काठीवर टांगल्या. लाल शाई पसरून शून्यं आणखी मोठी झालेली. सगळा गाव उभा राहून वाचत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. समुद्रालाही कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असणार.

२१ नोव्हेंबर
प्रमुख दीपाली मॅडम. मी एकतीस शून्यं खोडली, पूर्ण मार्क दिले. कागदांना बोंबलाचा वास. उन्नतीने तिन्ही कार्डं माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, सर, आता तुमी लावा. पोरं गोळा झाली. लावली. बरोबर आली, टाळ्या पडल्या. तिचा पेपर शेजारीच होता. जरासं बघितलं.