तुमच्या बिघडलेल्या ड्रिलबद्दल

बाबा,

ड्रिल शोधत बसू नका, ते आज स्पर्धेत धावतंय. आमच्या रोबोटच्या दोन बाजूंच्या चाकांना अगदी सारखे दोन गिअरबॉक्स हवे होते. तुम्ही आणि मामाने एकाच दिवशी घेतलेली ड्रिल तीन वर्षं बिघडून पडली होती, म्हणून दोन्ही खोलली.

आत काहीही बिघडलेलं नाही. पुढची जोर ठरवणारी आकड्यांची रिंग तेवढी एकवर, म्हणजे सगळ्यात कमीवर होती. मग जरा जोर पडला की क्लच सुटतो, नुसतं कटकट वाजतं आणि भोक काही पडत नाही. मामाच्या ड्रिलची रिंगही एकवरच! तुम्ही दिवसभर लोकांच्या स्कूटर खोलता, तेव्हा मी जास्त काही विचारत नाही.

वेळ आली की अंग काढून घ्यायची ही खोड रोबोटला परवडत नाही. मी दोन्ही क्लच स्क्रू घालून कायमचे जाम केलेत.

आईला सांगितलंय की नवे गिअर टाकले. पण परीक्षकांना सगळं खरं सांगावं लागतं, आणि आई-मामी तिथे शेजारीच उभ्या असतील.

तेव्हा आम्ही सहाला यायच्या आत स्वयंपाकघरातली तीन वर्षं राहिलेली फळी लावून टाका. शेजारच्या काकांचं ड्रिल टेबलावर आहे. तुमचं झालं की तेच मामाकडे न्या, त्याच्या पडद्याचा दांडा अजून कोपऱ्यातच उभा आहे.

आणि हेही बिघडलं म्हणू नका. फळीचं पहिलं भोक मी पाडून ठेवलंय.

— ठमी