वळणाखालच्या पाचरी

आबा, माणसाच्या जागी गाडीत ठेवलेलं वाळूचं चौथं पोतंही वळणावरून बाहेर फेकलं गेलं तेव्हा तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नाहीत. तासणी उचललीत आणि रुळाखालच्या ओंडक्यांची बाहेरची टोकं आणखी एक बोट उतरवायला बसलात. वाळू कातळावर सांडली होती. आधीच्या तीन पोत्यांची वाळूही त्याच जागी पडली होती आणि तिचा ढीग लांबून पाठ वाकवून बसलेल्या माणसासारखा दिसत होता. सड्याच्या उघड्या पठारावर वारा नव्हता. चाचा म्हणाले, "मेस्त्री, पोतं हाय ते, त्याला हात न्हाईत. मानूस धरून बसंल." तुम्ही मान हलवलीत आणि तासत राहिलात. मी दहा पावलांवर उभा होतो. दोन दिवसांनी त्या गाडीत पहिले तुम्ही बसणार होता.

ती गाडी आली चाचांच्या एका कार्डावरून. चाचा मिरकरवाड्याचे, परदेशी आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. कुठल्याशा बंदरावरच्या जत्रेचं चित्र त्यांनी आणलं होतं. लाकडाच्या उंच टेकड्या, त्यांच्यावरून धावणारी गाडी, गाडीत टोप्या धरून बसलेली माणसं. तुम्ही जन्मभर खाडीच्या काठी मचवे बांधले, कागदावर एक रेघ कधी ओढली नाहीत. ते कार्ड महिनाभर तुमच्या हत्यारांच्या पेटीत होतं. एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "हे होण्यासारखं आहे." आई म्हणाली, "होईल हो. पण माणसं खाली उतरतील ती चालत की उचलून?" तुम्ही हसला नाहीत. सड्याच्या उतारावर तुम्ही गावच्या जत्रेसाठी खांब रोवायला घेतलेत. तेव्हा मी कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो.

संध्याकाळी काम थांबलं की चाचा आणि मचव्यांचं सुकाणू धरून म्हातारा झालेला तांडेल तिथे येऊन बसायचे. दोघांना दुसरा विषय उरला नव्हता. आजही ते मला ऐकू येतात. चाचा त्या परदेशी गाडीत खरोखर बसलेले, म्हणून त्यांचा आवाज वरचा. "पहिली उडी पोटात आली पायजे. तुमची गाडी पायऱ्या उतरल्यासारखी उतरते, मेस्त्री." तांडेलाला उडीचं काही वाटत नसे. त्याचं म्हणणं, वळणाच्या आधी समुद्र दिसला पाहिजे, सबंध, आणि वळताक्षणी नाहीसा झाला पाहिजे. "उडीला काय, झाडावरून पडला तरी उडीच. समुद्र गेला की मग मानसाला कळतं आपण कुठं हाव ते." दुसरा चढाव पहिल्याइतका उंच असावा की कमी, यावर ते तीन संध्याकाळी भांडले. तुम्ही नुसतं ऐकायचात. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावं तर चढाव दोन हात कमी झालेला असे आणि वळण पुढे सरकून थेट समुद्रासमोर आलेलं असे.

वळणाबद्दल मात्र कोणाला काही सांगता येईना. कार्डावर ते नव्हतं. रूळ एका तंबूच्या मागे जात होते आणि दुसऱ्या बाजूने परत येत होते. चाचांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिथं माझे डोळे मिटलेले होते." तांडेल म्हणाला, "एवढे सात समुद्र पालथे घालून गेलास आणि डोळे मिटून आलास?" मग तुम्ही ते वळण तुम्हाला ठाऊक होतं तसं केलंत. मचवा वळतो तेव्हा बाहेरच्या अंगाला कलतो. त्याला कलू द्यावं लागतं. म्हणून तुम्ही बाहेरचा रूळ खाली घेतलात. पोतं पडलं की तुम्हाला वाटायचं, गाडीला पुरतं कलता आलं नाही, आणि तुम्ही तो आणखी खाली घ्यायचात.

मी एकदाच बोललो. आपल्याकडे आगगाडी नव्हती, तुम्ही ती कधी पाहिली नव्हती. मी कोल्हापूरहून पुण्याला आगगाडीने जायचो. मी म्हणालो, "आबा, आगगाडीचा रूळ वळणावर बाहेरच्या बाजूने उंच असतो." तुम्ही विचारलंत, "तू गाडीत बसतोस की खाली उतरून रूळ मोजतोस?" तांडेल हसला. मी म्हणालो, "बसल्यावर कळतं. गाडी आत कलते." "ती आगगाडी. ही मी बांधलेय." आणि मग, तासणीवरून नजर न उचलता, "तुझी सुट्टी कधी संपते?" जो बांधतो तो आधी बसतो, हा आपल्याकडचा रिवाज. नवा मचवा पाण्यात ढकलला की सगळ्यांत आधी त्यात मेस्त्री असतो. गाडी होडी नाही, हे तुम्हाला कोणी सांगायचं?

ठरल्या दिवशी तुम्ही चार वाजता बसणार होता. दुपारी सगळे जेवायला खाली उतरले. चाचा मशिदीत गेले, तांडेल जेवून आपल्या पडवीत झोपला, तुम्ही आत आडवे झालात. मी सागाच्या तीन पाचरी तासून ठेवल्या होत्या. त्या आणि एक लाकडी मोगरी घेऊन मी भर दुपारी सड्यावर गेलो. त्या वेळी जागेचा राखणदार फिरतो, म्हणून सड्यावर कोणी जात नाही हे तुम्हाला सांगायला नको. कातळ काळा, तापलेला, आणि माझी सावली पायांखाली गेलेली. वळणाखाली सात ओंडके होते. मधल्या ओंडक्यावर बाहेरचा रूळ उचलून मी पहिली पाचर ठोकली. चार ठोके. थांबलो तेव्हा वळणाच्या पलीकडच्या टोकाकडून चार ठोके आले. मला वाटलं, प्रतिध्वनी. दुसरी पाचर ठोकली. पुन्हा तसेच आले, जरा सावकाश, हातात वेळ असलेल्या माणसाचे. तिसरी ठोकताना माझ्या ध्यानात आलं की उघड्या सड्यावर प्रतिध्वनी यायला समोर काहीच नाही. मी मोगरी खाली ठेवली. माझे हात रिकामे होते. ठोके येत राहिले. मी वर पाहिलं नाही. मोगरी तिथेच टाकून मी खाली आलो.

आईने पान वाढलं. दोन घास खाल्ल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं आहे. सातांपैकी मधल्या तीनच जागी रूळ उचलला, तर ते वळण होत नाही, कुबड होतं. खाली उतरलेल्या रुळावरून आलेली गाडी त्याच्यावर चढणार आणि उडणार. आधी तुम्ही कदाचित पडला असता. आता नक्की पडणार होता, आणि पलीकडे वीस हात खाली कातळ. परत जाऊन पाचरी काढायला अर्धा तास पुरे होता. मी पाटावरून उठलो, दारापर्यंत गेलो. बाहेर ऊन तसंच होतं. मी परत येऊन बसलो आणि ताक मागितलं. आबा, ते ताक मी प्यालो. तुम्हाला उठवून सांगितलंही नाही.

चार वाजता तुम्ही गाडीत बसता. टोपी काढून चाचांच्या हातात देता. तांडेल नारळ फोडतो. मी वळणाच्या खालच्या अंगाला उभा आहे, तिथून वळणावर फक्त तुमचं डोकं दिसेल. गाडी सुटते, पहिल्या उतारावर तिचा आवाज बारीक होतो, मग चढ, मग समुद्राकडे तोंड करून ती वळणावर येते आणि मी डोळे मिटतो. चाकांचा आवाज जराही तुटत नाही. उघडतो तेव्हा तुम्ही वळण पार करून गेलेले असता, आतल्या अंगाला कललेले, एका हाताने फळी धरलेले, आणि तुमच्या चेहऱ्यावर आनंद नाही.

गाडी थांबल्यावर तुम्ही तडक वर आलात. वळणाखाली गुडघे टेकलेत. आम्हीही वाकून पाहिलं. सातही ओंडक्यांवर पाचरी होत्या. पहिली एक बोट, दुसरी दोन, तिसरी तीन, मधली चार, मग तशाच उतरत्या. मचव्याची कड वर जाते आणि खाली येते, तशी ती रेघ होती. मधल्या तीन सागाच्या होत्या. उरलेल्या चारांवरून तुम्ही अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "ऐन. जुना. खारं पाणी प्यालेला." आपल्या कामावर त्या साली ऐनाचं लाकूड नव्हतं. तुम्ही विचारलंत, "कोणी केलं?" चाचांकडे पाहिलंत, तांडेलाकडे पाहिलंत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. तांडेल हळूच म्हणाला, "इथल्या राखणदाराने, दुसरा कोण?" तुम्ही कातळावर डोकं टेकलंत.

जत्रेत लोक दिवसभर त्या गाडीत बसले. उतरल्यावर जो तो आपलं मत सांगे. कोणाला उडी आवडली, कोणाला चढ कमी वाटला. वळणाबद्दल मात्र सगळे एकच सांगत, की तिथे पाठीमागून कोणीतरी धरतं. चाचाही शेवटी बसले, या वेळी डोळे उघडे ठेवून. उतरून त्यांनी आपली पाठ चाचपली. मग म्हणाले, "तिकडच्या गाडीत पाठीला हात लागत न्हाय." जत्रा संपल्यावर तुम्ही सगळं मोडलंत आणि पुन्हा मचव्यांकडे वळलात. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. असेपर्यंत तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "माझी चूक राखणदाराने सुधारली." मी शेजारी बसून ऐकत असे.

आबा, मधल्या तीन माझ्या होत्या. एवढंच सांगायचं होतं. ते तेव्हा सांगितलं असतं तर उरलेल्या चार कोणाच्या, हे तुम्ही मलाच विचारलं असतंत, आणि मी वर पाहिलं नव्हतं. हा कागद मी कुठे पाठवणार नाही, जाळणारही नाही. घडी घालून ठेवीन.

तुम्ही गाडीत बसलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला उठवलंत, धुतलेलं धोतर नेसायला लावलंत आणि सड्यावर नेलंत. गुरव आला होता. वळणाखाली नारळ ठेवून त्याने गाऱ्हाणं घातलं. या लेकराचं, या मेस्त्रीचं, काही चुकलं असेल तर पदरात घे, जे काम तू तुझ्या हाताने केलंस त्यात दुसऱ्या कोणाचा हात नाही, अशी त्याची वाक्यं होती. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं होतं. मीही म्हणालो.