नलूचं निळं बोट

अरेरा कॉलोनी, भोपाळ
३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
नलूचा सा. न.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, सभेतल्यासारखी सुरू होतेस, म्हणून पत्र. अक्षर वाकडं दिसेल. परवा कपड्यांच्या घड्या घालताना उजव्या हाताचं मधलं बोट एकदम चटका बसल्यासारखं झोंबलं, सुजलं आणि बघता बघता काळंनिळं झालं. कुठे आपटलं नाही, चेमटलं नाही. आपोआप झालं. दिवाळीतही असंच झालं होतं, पाच दिवसांत गेलं, म्हणून कुणाला बोलले नाही. रक्ताचं काही दुखणं असेल का, या विचाराने जीव थाऱ्यावर नाही. परीक्षित दौऱ्यावर आहे. शमिका दवाखान्यात चला म्हणते, मीच टाळते. सुनेला घाबरतेस, असं मात्र म्हणू नकोस हं!

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नलू

उज्जैन
७ फेब्रुवारी

चि. नलूस अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र एकटीने वाच.

आपोआप! नलू, तीस वर्षं मी बायकांच्या सभांतून बोलते आहे. पोळलेली, सुजलेली, हात मोडलेली, प्रत्येक बाई मला हेच सांगते. बोटं आपोआप निळी होत नाहीत, कुणी पिरगळली की होतात. मुलगा दौऱ्यावर, घरात तुम्ही दोघीच, दिवाळीतलं लपवलंस, दवाखाना टाळतेस, आणि मी विचारण्याआधीच सुनेची बाजू घेतेस. मी काय समजायचं? ज्या घरात बाईला आपली जखम लपवावी लागते, तो तुरुंग आहे, मग दारात कितीही गुलाब लावा. सोळापर्यंत माझ्या सभा आहेत. तेवीसच्या रविवारी येते आणि तुला घेऊन जाते. कपडे भरून ठेव. शमिकाला एक अक्षर कळू देऊ नकोस.

तुझ्यासाठी जगाशी भांडणारी,
अक्का

भोपाळ
१३ फेब्रुवारी

ती. अक्कामावशींस,
शमिकाचा नमस्कार.

एकटीने वाच, हे तुम्ही आत लिहिलंत, पाकिटावर नाही. आईंचं बोट आखडलेलं, चष्मा दुरुस्तीला. पाकीट मी फोडलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. माझं नाव आलं, तरी थांबले नाही. आई रडल्या. मी नाही.

मग दोन दिवस मी त्यांच्या हाताला हात लावला नाही. चहा टेबलावर ठेवून बाजूला व्हायचे. उद्या आणखी डाग उठला तर? परवा जवाहर चौकात त्यांनी मटारचा थैला उचलला आणि कळवळल्या. भर बाजारात, माझ्या डोळ्यांदेखत, तर्जनी निळी पडली. तशीच ऑटो करून दवाखान्यात नेलं. रक्ताच्या तपासण्या सगळ्या ठीक. बोटातली बारीक शीर फुटते, का ते नक्की सांगता येत नाही, धोका नाही, पुन्हा होईल आणि आपोआप जाईल, असं डॉक्टर म्हणाले. हो, त्यांचाही शब्द तोच.

आईंची काळजी मिटली. माझी नाही. त्यांचा हात धरायला मी अजून बिचकते.

रविवारी जरूर या. कपडे मात्र आईंनी भरलेले नाहीत.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्हीच बघा.
शमिका

उज्जैन
१७ फेब्रुवारी

चि. शमिकास,

आशीर्वाद लिहायचा हक्क मला उरला का, ते तू ठरव.

चूक माझी. अर्धी नाही, सगळी. मी विचारायला हवं होतं, मी निकाल दिला. नलूला ओळखते म्हणता म्हणता तिचंच पत्र नीट वाचलं नाही. पण विचारणं मी सोडणार नाही. तुझी बोटं निळी दिसली तर तुलाही विचारीन, आणि या खेपेला उत्तर पुरतं ऐकीन.

परतीचं तिकीट एकटीचं काढलं आहे. रविवारी हबीबगंज स्टेशनवर उतरते. नलूला घेऊन ये. गर्दी असेल, तिचा हात धरून आण. घट्ट धर. डाग उठला आणि कुणी विचारलं, तर उत्तर मी देईन.

तुमची दोघींची,
अक्का