आजारी पडायची ओळ

वाघोली, पुणे
रविवार, ६ जून २००४

प्रिय अण्णा,

जय भीम.

हे पत्र राकेशच्या हाती पाठवते आहे. फोन करणार नाही. फोनवर मी ओरडेन आणि तुम्ही "बरं, जेवलीस का?" म्हणून रिसीव्हर आईकडे द्याल. घरातलं प्रत्येक भांडण तुम्ही आजवर असंच मिटवलंत. हे मिटवू नका. मी सोनालीच्या खोलीवर आहे. तिच्या कॉलेजजवळच खोली आहे, खानावळ खालीच आहे, तब्येत ठीक आहे. आईला एवढं सांगा. बाकीचं तुमच्यासाठी आहे.

मंगळवारी तुम्ही माझ्या संस्थेत गेलात. मला न विचारता गेलात. अनिरुद्ध सरांच्या केबिनमध्ये हात जोडून माझ्या वतीने माफी मागितलीत आणि मी माझा आक्षेप मागे घेते आहे असं सांगून आलात. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तुम्ही भाजी निवडत बसला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी कॅन्टीनमध्ये चारचौघांत सांगितलं, "आम्रपाली, तुझे वडील येऊन गेले. फार सज्जन गृहस्थ. खुर्ची दिली तरी बसले नाहीत." मग चहात साखर ढवळत म्हणाले, "तुझ्यात त्यांचं काही उतरलेलं दिसत नाही. आपल्या जेनेटिक्समध्ये याला काय म्हणतात?" सगळे हसले. मीही हसले असेन बहुतेक, कारण चेहऱ्याचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

खुर्ची दिली तरी बसले नाहीत. अण्णा, माफीपेक्षा मला या वाक्याचा राग आला आहे. मी अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा आपण दोघं प्राचार्यांना भेटायला गेलो होतो. जिन्यात तुम्ही मला थांबवून सांगितलं होतं की आत गेल्यावर ते बसा म्हणाले की बसायचं, आणि कडेवर टेकायचं नाही, पाठ टेकून बसायचं. तुमच्या वडिलांना आयुष्यभर कुणी बसा म्हटलं नव्हतं, आपल्याला म्हणतात, तर ते वाया घालवायचं नाही. तुम्ही बसलात. मी बसले. खुर्ची इतकी खोल होती की माझे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, तरी पाठ टेकवून बसले. बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत, एम.एस्सी.च्या मुलाखतीत, याच अनिरुद्ध सरांसमोर पहिल्या दिवशी, मी तशीच बसले. आणि त्याच खुर्चीशेजारी तुम्ही उभे राहिलात.

मी काय काम करते हे तुम्ही विहारात "भाताचं संशोधन" एवढंच सांगता आणि खिशातलं, माझं नाव छापून आलेलं पेपरचं कात्रण काढून दाखवता. आज नीट सांगते. ज्या गोष्टीची माफी मागितलीत ती काय होती हे तरी तुम्हाला माहीत असू दे.

भाताला कडा करपा नावाचा रोग होतो. जिवाणू पानात शिरतात, पान टोकाकडून पिवळं पडत खाली वाळत येतं आणि लोंबी पोचट निघते. औषध फवारून तो फारसा हटत नाही. पण काही जंगली भातांना तो होतच नाही, कारण त्यांच्यात एक जनुक असतं. त्या जनुकामुळे पान शिरलेल्या जिवाणूला ओळखतं. ओळख पटली की त्या जागेच्या आसपासच्या पेशी आपणहून मरून जातात आणि रोग तिथल्या तिथे अडतो. तुमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत दोन शेडच्या मध्ये मातीचे उंच बांध असतात, एका शेडमध्ये काही झालं तर दुसरीपर्यंत पोचू नये म्हणून. लहानपणी तुम्ही परातीत पिठाचे ढीग करून ते मला दाखवले होते आणि आई पिठावरून ओरडली होती. वर्गात या जनुकाचं काम पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती परातच आठवली. मॅडमनी विचारलं, कळलं का? अख्ख्या वर्गात मीच हात वर केला.

आमचं काम म्हणजे ते जनुक मावळातल्या वासाच्या भातात आणायचं. संकर करायचा, त्यातून आलेल्या शेकडो रोपांना मुद्दाम रोग द्यायचा आणि जी टिकतील ती पुढे न्यायची. रोग द्यायची रीत अगदी साधी. बीकरमध्ये जिवाणूंचं पाणी घ्यायचं, त्यात कात्री बुडवायची आणि पानांची टोकं कापायची. दोन आठवड्यांनी पान कुठवर वाळलं ते पट्टीने मोजायचं. आणि प्रत्येक चाचणीत एक ओळ अशा भाताची लावायची, ज्याला हा रोग हमखास होतो. आम्ही तिला आजारी पडायची ओळ म्हणतो. ती आजारी पडली तरच चाचणी खरी. ती हिरवी राहिली तर रोग दिलाच गेला नाही, मग बाकीचं शेत कितीही टवटवीत असो, चाचणी रद्द.

दोन वर्षांपूर्वी, मी नवी लागले होते तेव्हा, एका बियाणं कंपनीची मंडळी शेतावर आली. संस्थेला सरकारचा पैसा हल्ली कमी मिळतो, त्यामुळे कंपनीचे लोक यायचे म्हटलं की घरी जावई यायचा असल्यासारखी धावपळ होते. सरांनी ठरवलं की पानं पाहुण्यांच्याच हस्ते कापायची. बांधावर मांडव घातला, सतरंजी टाकली, कात्रीच्या मुठीला फीत बांधली. एकेक साहेब पुढे यायचा, ताटातली कात्री उचलायचा, दोन पानं कापायचा, फोटो निघायचा. प्रत्येकाला स्वच्छ कात्री मिळावी म्हणून सर ती दर वेळी स्पिरिटमध्ये बुडवून तशीच ओली पुढे करत होते आणि साहेब ती तशीच जिवाणूंच्या पाण्यात घालत होते. स्पिरिटने जिवाणू मरतात. आम्हीही एका जातीवरून दुसरीवर जाताना कात्री स्पिरिटने पुसतो, पण ती पुरती वाळल्याशिवाय बीकरमध्ये घालत नाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. कार्यक्रम संपल्यावर बीकर धुवायला माझ्याकडे आला तेव्हा त्याला दवाखान्यासारखा वास येत होता. मी लगेच सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि पाहुण्यांना करपा झाला असता तर?" तेव्हाही सगळे हसले होते. तो रोग माणसाला होत नाही हे हसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

दोन आठवड्यांनी शेत हिरवंगार होतं. आजारी पडायची ओळही हिरवीगार. मी म्हटलं, सर, चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. पण कंपनीचा करार ठरलेला होता. सरांनी अहवालातून ती ओळच काढून टाकली.

तिथून पुढे सगळं बिघडलं. सगळीच रोपं टिकली म्हटल्यावर निवड कशावर करणार? मग वास कुणाचा चांगला, दाणा कुणाचा लांब, यावर निवड झाली. जनुक कुठल्या रोपात उतरलं आणि कुठल्यात नाही, हे कुणी पाहिलंच नाही. ते मागे राहिलेल्या रोपांबरोबर मागेच राहिलं. यंदा बियाण्याची पाकिटं छापून आली, त्यांवर ठळक अक्षरांत "करपामुक्त". मी पाकिटातले दाणे घेऊन प्रयोगशाळेत जनुकाची खूण शोधली. नव्हती. मग ते दाणे कुंड्यांमध्ये लावले, शेजारी आजारी पडायच्या ओळीचा भात लावला आणि कोरड्या कात्रीने रोग दिला. दोन्हीची पानं सारखीच वाळली. हे सगळं लिहून मी बियाण्याला मंजुरी देणाऱ्या समितीकडे आक्षेप पाठवला. तुम्ही मंगळवारी मागे घेऊन आलात, तो हाच.

राकेश म्हणतो, "ताई, आमच्याकडे बग असला तरी रिलीज करतात, मग पॅच देतात. तू एवढं का मनाला लावून घेतेस?" त्याचं हिंजवडीचं ऑफिस काचेचं आहे आणि त्याचा पगार तुमच्यापेक्षा जास्त आहे, म्हणून त्याचं म्हणणं हल्ली घरात खरं धरतात. पण पेरलेल्या भाताला पॅच लावता येत नाही. मावळात लोक पाकिटावरचं वाचून निर्धास्त राहतील आणि लोंब्या धरायच्या वेळी त्यांना कळेल.

तुम्हीच सांगायचात की फॅक्टरीच्या गेटवर मोठे साहेबसुद्धा मुकाट्याने खिसे उलटे करून दाखवतात, काडेपेटी असली तर बाहेर ठेवतात. हुद्दा बघून ठिणगी पडत नाही, म्हणायचात. ते सांगताना तुमचा आवाज बदलायचा. मला वाटायचं, जगात निदान एक जागा अशी आहे आणि ती माझ्या वडिलांची आहे. विज्ञान हे तशाच गेटसारखं असेल म्हणून मी या विषयाकडे आले, अण्णा. तिथे कोणाची मुलगी, कुठली वस्ती, घरात आधी कोण शिकलं, हे कुणी विचारणार नाही, फक्त पान किती वाळलं ते मोजतील. मी अजूनही तसंच मानते. सरांनी तो नियम मोडला याचा मला राग आहे, पण सर माझे कोणी नाहीत. तुम्ही तरी त्यांच्या बाजूने उभं राहायला नको होतं.

आधी वाटलं होतं, तुमचा माझ्यावर विश्वास नाही. पोरगी हट्टी आहे, मोठ्या माणसांना उलट बोलते, असं तुम्हाला वाटलं असेल. काल आईला फोन केला. तुम्ही ड्यूटीवर होता. ती म्हणाली, "त्यांना ठाऊक हाय तू खरं बोलतीस. म्हणून तर घाबरले." मी फोन ठेवला आणि सोनालीच्या चटईवर पडून राहिले. मला खोटं ठरवलं असतंत तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. खरं आहे हे माहीत असूनही तुम्ही हात जोडलेत. माझी फेलोशिप सरांच्या सहीवर चालते, म्हणून. सर चिडले तर माझं शिक्षण फुकट जाईल, म्हणून. पण तुम्ही त्यांच्याकडून परत काय मागून आणलंत? ज्या कामात खोटं बोलायचं, ते काम. आपल्या घरातली पहिली पदवी तुम्ही भिंतीवर लावली आहे. तिच्याकडे बघून मला विचारायचं होतंत, "पोरी, हे चालेल का तुला?" तुम्ही विचारलं नाहीत.

येत्या गुरुवारी सकाळी अकराला समितीची बैठक आहे. सरांनी कळवलंय की तक्रार घरच्यांनी मिटवली. मी तिथे उभी राहून सांगणार आहे की ती माफी माझी नव्हती. हे तुमच्याबद्दल बोलल्यासारखं होईल, म्हणून तुम्हाला आधी सांगते आहे. पण त्यासाठी एवढं लांबलचक लिहिलं नाही. समितीला कागद दाखवून उपयोग नाही, कागदातून ओळी गाळता येतात हे मी पाहिलं आहे. मी त्यांच्या टेबलावर दोन कुंड्या ठेवणार आहे, एक पाकिटातल्या भाताची, दुसरी आजारी पडायच्या ओळीची. ग्रीनहाऊसपासून सभागृहापर्यंत वाट लांब आहे, कुंड्या ओल्या मातीच्या आहेत आणि मला एका वेळी एकच नेता येते. संस्थेत कुणाला धर म्हणावं असं माणूस उरलेलं नाही. गुरुवारी ड्यूटी बदलून घ्या आणि दुसरी कुंडी धरायला या. तुम्ही गेला होता त्याच गेटने आपण आत जाऊ, सरांच्या केबिनवरूनच जावं लागतं. कुंडी दोन्ही हातांनी धरावी लागते, अण्णा. हात जोडता येणार नाहीत. सभागृहात पोचलो की बाजूला खुर्च्या असतात. पाठ टेकून बसा.

तुमचीच,
आम्रपाली