काजलचा कॅमेरा

३ जुलै
लागली एकदाची नोकरी! धरमपेठेतला ऑनलाइन क्लास, नववीचं विज्ञान. खोलीत एसी, चहा फुकट. मालक जितेंद्र सर म्हणाले, पोरं कॅमेरे बंद करून झोपा काढतात. महिनाभरात सगळे चेहरे दिसले तर तुम्ही कायम, नाहीतर राम राम. म्हटलं, बघाच!

८ जुलै
आज घरातली आंबट वस्तू दाखवा म्हटलं. लिंबं आली, चिंचा आल्या. सुशीलने रुसलेल्या धाकट्या भावालाच पुढे केलं. सगळे कॅमेरे सुरू. पारशिवनीकडची काजल तेवढी काळा चौकोन होऊन बसते. उत्तरं मात्र सगळ्यांआधी तिचीच. तिच्यापायी माझी नोकरी टांगणीला.

१५ जुलै
तिच्या वडिलांना फोन केला. वाटलं, घराची लाज वाटत असेल. चंद्रभानजी म्हणाले, "तसं नाही मॅडम. तिच्या मांगं एक बाई भिंतीकडे तोंड करून बसून राहते. जो पाहते, त्याच्या घरी जाते. वर्गातल्या लेकरांसाठीच पोरगी कॅमेरा लावत नाही. तुम्हाले काहून पाहाचं आहे?" अशी सबब आजवर ऐकली नव्हती. मी हसले. उद्या कॅमेरा नाही तर नाव कमी, असं बजावून फोन ठेवला.

१६ जुलै
लावला! रडत म्हणाली, "डोळे मिटा गा सगळे." मागे खरंच कुणी पाठमोरी बसलेली, ओले केस सोडून. असेल घरातलीच. "शाबास काजल, आता सगळे दिसतात!" म्हणत वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. सरांना कळवलं. मी कायम!

१८ जुलै
काजलच्या मागे आज नुसती भिंत. ती बाई सुशीलच्या मागे आहे. बाकीच्यांच्याही. मुलं हलत नाहीत, हसत नाहीत. माझ्या चौकोनात बघायचं नव्हतं — बघितलं.

१९ जुलै
माझ्या मागची थोडी वळली आहे. गाल दिसतो. मी कॅमेरा बंद केला. सर ओरडले, मॅडमनीच बंद केला तर पोरं काय शिकतील? हेच मी काजलला ऐकवत होते. ती एकटी सोसत होती आणि मी —

२० जुलै
सोळा तारखेचं रेकॉर्डिंग सर जाहिरातीत टाकणार. आदर्श वर्ग म्हणे. हात जोडले, सगळं सांगितलं. सर हसले.
बाजूच्या खोलीत त्यांनी ते लावलंय. माझाच आवाज — शाबास काजल — टाळ्या —
सरांचं हसू थांबलं.
रेकॉर्डिंगही थांबलं. टाळ्या चालूच. माझ्या मागून —