घरात कोणी नाही

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, व्यवसायाने संस्कृतचा मास्तर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना (पुढच्या खोलीत दिवसभर असणारी अकरा पोरे कायदा दडपणात धरत नसावा) सर्वप्रथम एक तक्रार नोंदवतो. माझ्या डाव्या बुटात रोज एक लाकडी ठोकळा निघतो. उजवा बूट निष्कलंक. अपराधी सापडलेला नाही. तपास माझ्या पश्चात चालू ठेवावा.

सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सबब पुढील व्यवस्था.

एक. छत्री पुतण्याला. ती त्याने नेलेलीच आहे. आता मालकीही देतो. माझी पत्नी, म्हणजे ही, गेली त्याच आठवड्यात तो म्हणाला होता, "काका, एवढी मोक्याची जागा, आणि तुम्ही तिथे पोरं झोपवता? बँकेला भाड्याने द्या की." या घरावर त्याचा हक्क नाही. आशीर्वाद मात्र हवे तेवढे न्यावेत.

दोन. भिंतीवरचे घड्याळ अर्धा तास मागे आहे. ते कोणी दुरुस्त करू नये. पोराला न्यायला धापा टाकत आलेल्या आईला "कुठे उशीर झालाय? बघ की," असे म्हणता यावे म्हणून हिने ते मागे करून ठेवले.

तीन. घर आणि बँकेतली ठेव ठमीला. ठमी कोण, हे लिहिणे भाग आहे. पंचवीस वर्षांपूर्वी शेजारच्या खोलीत कापड कारखान्यातली एक बाई राहत असे. तेव्हाचे एकमेव पाळणाघर पाचला बंद होई, तिची पाळी आठला सुटे. शिवाय फी निम्मा पगार खाई. म्हणून ती चार वर्षांच्या लेकीला आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून जाई. एके दिवशी हिने रडणे ऐकले. भिंतीला तोंड लावून विचारले, "कोण गं आत?"

हुंदके थांबले. मग उत्तर आले, "घरात कोणी नाही. आईने असंच सांगायला सांगितलंय."

बाई परतली तेव्हा ही तळहात पुढे करून जिन्यात उभी. "उद्यापासून किल्ली इकडे. पोरगीसुद्धा. जमेल ते दे."

आमचे पाळणाघर असे सुरू झाले. तीच ठमी आज ते चालवते. तिला मोठ्या शाळेत नोकरी मिळते आहे, पगार इथल्या तिप्पट. फी वाढवावी, तर आया पुन्हा बाहेरून कुलपे लावतील. न वाढवावी, तर ठमीने खावे काय? या प्रश्नावर मला एकाही शास्त्रात सूत्र सापडलेले नाही.

मी विचारले, "काय ठरवलंस?"

"आधी ऑपरेशन होऊ दे, काका. आणि ते बूट वर ठेवत जा ना!"

तस्मात् तिच्यावर कोणतीही अट घालत नाही. तिने उद्या घर विकले, तरी तो तिचा अधिकार.

साक्षीदार: १. डॉक्टर (मन ठिकाणावर आहे, कानही तपासले, दोष नाही). २. खालचे औषधवाले (न वाचता सही केली, नेहमीप्रमाणे).
स्थळ: पुढची खोली. दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार, पोरे गेल्यावर.
सही: मास्तर

सह्यांनंतर लिहितो आहे, म्हणून याला कायदेशीर मोल नाही. कान का तपासले, ते वर लिहिले नाही. शेजारची खोली आता रिकामी असते. ही गेल्यापासून संध्याकाळी तिथून रडणे ऐकू येते. मी भिंतीला तोंड लावून विचारतो. रडणे थांबते, आणि तेच उत्तर येते.

भुताचे मला भय नाही. तो आवाज लहानपणच्या ठमीचा, आणि ठमी जिवंत आहे, रोज माझ्यावर ओरडते. भय एवढेच, की माझ्यामागे एखादी आई सकाळी पोर कडेवर घेऊन या दाराची कडी वाजवील, आणि घरात खरेच कोणी नसेल.